खुणेपाशी पंचेचाळीस

विमान किती स्पीडला उडतं, हा प्रश्न ज्याने मला विचारला नाही असा माणूस धुळ्याच्या देवपुरात सापडायचा नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलाय, गॅसवाल्याने विचारलाय, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर मी खुर्चीत आ वासून पडलेली असताना, तोंडात कापूस कोंबून विचारलाय. प्रत्येकाला एक आकडा हवा असतो. मी विचारते, कोणतं विमान? माणसं किती? पेट्रोल किती? आज ऊन किती आहे आणि वारा कुठून आहे? एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि माझी खात्री आहे की माझी पाठ वळल्यावर तो म्हणत असणार, बाईंना काही येत नाही, नुसत्या फाटे फोडतात.

फाटे फोडणं हा माझा जन्मभराचा धंदा. देवपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवलं आणि निवृत्त झाले. आता दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत फिरून यायचं, असा बेत होता. पण धुळ्याजवळ विमान चालवायला शिकवतात, आणि तिथली मुलं देवपुरात खोल्या घेऊन राहतात. देशभरातून येतात बिचारी. डब्यातली शेवभाजी पहिल्यांदा खाल्ली की डोळ्यांतून पाणी काढतात आणि महिनाभराने तीच दुप्पट मागवतात. त्यातले दोघं आमच्या शेजारी राहायला आले. त्यांची लेखी परीक्षा असते, तिच्यात विमानाच्या उड्डाणाचा हिशोब असतो. तो त्यांना जमेना, म्हणून वही घेऊन माझ्या दारात आले. मग त्यांचे मित्र आले. बघता बघता आमच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग भरायला लागला आणि आमच्या ह्यांना पेपर वाचायला बेडरूममध्ये जावं लागलं.

गंमत अशी की विमान कधी उचलायचं हे त्यांना शिकवणारी बाई आयुष्यात एकदाच विमानात बसली होती. तेही लग्नकार्यासाठी, आणि खिडकीची जागा ह्यांनी घेतली होती. पुढे वैमानिकाच्या समोर काय घडतं, काटा कसा चढतो, कोण काय बोलतं, हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं आणि मुलांच्या मोबाइलवर पाहिलेलं. याची मला आत कुठेतरी खंत होती. मुलांना मी ती कधी कळू दिली नाही. ह्यांना कळली असावी, पण ते तसं बोलणाऱ्यांतले नाहीत.

आता हिशोब थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. विमानाला वर धरतो तो पंख, आणि पंख काम करतो ते त्याच्या अंगावरून हवा गेली तरच. जितक्या जोरात हवा जाईल तितकं जास्त वजन तो पेलतो. एक वेग असा असतो की त्याच्या खाली पंख हात टेकतो. तो वेग आधी काढायचा, त्यात सुरक्षिततेची थोडी भर घालायची, आणि मग जो आकडा येतो तिथं नाक उचलायचं. वजन वाढलं की आकडा वाढतो. दुप्पट वजनाला दुप्पट नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात, पण वाढतो. पंखाच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्या थोड्या खाली सोडल्या की कमी वेगातही पंख तेच वजन पेलतो. मोठ्या विमानांचे तर तीन आकडे काढतात. पहिल्यापर्यंत थांबता येतं, दुसऱ्याला नाक उचलायचं, आणि तिसरा राखला तर एक इंजिन बंद पडलं तरी वर चढता येतं. शिकाऊ विमान लहान, एकाच इंजिनचं. तिथं मुख्य आकडा एक. आमच्या मुलांच्या विमानाचा साधारण पंचावन्न नॉट, म्हणजे तासाला शंभरेक किलोमीटर.

इथपर्यंत सगळी मुलं मान हलवतात. खरी मारामारी पुढे. हा वेग जमिनीवरचा नाही, हवेतला आहे. समोरचा काटा हवा किती जोरात अंगावर येतेय ते दाखवतो, चाकं किती पळतायत ते नाही. समोरून वारा असेल तर उभ्या विमानालाही थोडा वेग फुकट मिळतो. मागून असेल तर तेवढाच खिशातून जातो. आणि ऊन? ऊन वाढलं की हवा विरळ होते. काट्यावरचा पंचावन्न पंचावन्नच राहतो, पण तो येईपर्यंत विमानाला खरोखरीचं जास्त जोरात आणि जास्त लांब पळावं लागतं. त्यात विरळ हवेत इंजिनही दमतं. म्हणून मुलं सकाळी लवकर उडतात. आमच्या मे महिन्यात दुपारी माणूस अंगणात चालताना दमतो, विमानाचं काय घेऊन बसलात. पण मुलं मला विचारायची, मॅडम, आकडा तोच राहतो तर तापमान कशाला मोजायचं? आणि मी खडू आपटायची. खडू आपटायची सवय नोकरीतली आहे, ती गेली नाही.

हे एका वर्षी एका मुलीने पहिल्या झटक्यात ओळखलं. ती मूळची भुसावळजवळच्या दीपनगरची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात, आमच्या ह्यांच्याच हाताखाली होते. नोकरीभर हे तिथं आणि मी धुळ्यात, शनिवार-रविवारचा संसार. मुलीचं घर कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या मागे होतं, आणि बारावीला ती माझ्या वर्गात शिकायला म्हणून धुळ्यात आत्याकडे राहिली. नंतर विमानाकडे वळली, तेव्हा पुन्हा रविवारी आमच्या हॉलमध्ये. तिने मला विचारलं होतं, मॅडम, म्हणजे डोळ्यांना विमान जोरात पळताना दिसेल आणि तरी ते उडायला तयार नसेल, असं होऊ शकतं ना? त्या दिवशी मी तिला दोन लाडू जास्त दिले. पुढे ती जळगावच्या विमानतळावर शिकाऊ मुलांना शिकवायलाच लागली. आणि एका मे महिन्यात तिचा फोन आला. तिला मोठ्या विमान कंपनीत नोकरी लागली होती, परवा निघायचं होतं, आणि निघायच्या आधी तिला मला पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारायची होती. तिथल्या उड्डाण-शाळेने उद्याच्या दिवसाची परवानगी दिली होती. चार सीटचं विमान आहे, काकांनाही घेऊन या, सकाळी आठला, म्हणाली.

मी फोन ठेवला आणि कुकरची शिट्टी मोजायची विसरले. उद्या नाही झालं तर नाही. ती गेल्यावर कोण मला पुढच्या सीटवर बसवणार होतं? मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की जळगावला जायचंच आहे तर अक्काकडे भरीत होईल. पण रात्री पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, आणि मधेच विचारलं, वरून दीपनगर दिसत असेल का गं?

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. माहेर धुळ्याकडच्या खेड्यातलं, लग्न होऊन जळगावच्या मेहरूणला आली त्याला जमाना झाला, पण अहिराणी बोली बदलली नाही. आम्ही पहाटे निघालो, वेळेत जळगावात शिरलो, आणि मी ह्यांना बजावून सांगितलं की अक्काला फोन करायचा नाही, परतताना जाऊ. हे म्हणाले, नाही करत. आणि खरंच केला नाही. आदल्या दिवशीच केला होता.

अक्का मेहरूणच्या वळणावर रस्त्यात उभी होती. आता थोरली नणंद रस्त्यात उभी असताना गाडी पुढे नेणारी बाई खानदेशात अजून जन्मायची आहे. मी आत जाऊन उभ्या उभ्या चहा घ्यायचं ठरवलं. आत पाहते तर चुलीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत तयार, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापायला घेतलेल्या, पुऱ्यांचं तेल तापलेलं. सकाळी साडेसातला. मी सांगून पाहिलं की आठला विमानतळावर पोचायचं आहे, उन्हं चढली की विमानाला जड जातं, पोट भरलं की आम्हीही जड होतो. अक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तिच्या भरितावर आरोप करतेय.

"उपाशी पोटे कथा जातस?" ती म्हणाली. "बठ्ठं तयार शे." सगळं म्हणजे अगदी सगळं.

एका भाकरीवर सुटका होत नाही. ह्यांनी नको म्हटलं की दुसरी पडते, आणि ह्यांचं नको म्हणणं मला चांगलं ठाऊक आहे. ताट पुढे सरकवत म्हणतात. त्यात शेजारच्या दोघी विमानात बसणारी बाई बघायला आल्या, त्यांचा चहा झाला, त्यांनीही विचारलं विमान किती स्पीडला उडतं. मी घड्याळाकडे बघत, दात आवळून, एक आकडा सांगून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. पंचावन्न. दोघी खूश झाल्या. निघताना अक्काने वांग्यांनी भरलेली मोठी पिशवी गाडीत ठेवली, त्या पोरीसाठी. परगावी चालली आहे, तिला रिकाम्या हाताने भेटायचं नसतं. मी तोवर मुलीला फोन करून माफी मागितली होती. ती हसली आणि म्हणाली, अक्कांकडून सुटून या, मी थांबते. मधे मोठं विमान उतरायचं आहे, ते झालं की आपण.

पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. गाडीतून उतरताच धावपट्टीकडून झळ अंगावर आली. माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यभर मुलांना ज्या दोन गोष्टी सांगत आले, वजन आणि ऊन, त्या दोन्ही गोष्टी मी भरितापायी स्वतः वाढवून आणल्या होत्या.

मुलगी खांद्यावर निळ्या पट्ट्या लावलेल्या पांढऱ्या शर्टात, केस बांधून, बाहेर उभी. मला वाकून नमस्कार करायला लागली तशी मी तिला धरून उभी केली. मग तिने आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं. ह्यांनी तिला आपलं वजन नव्वद सांगितलं होतं. काट्याने त्याला हरकत घेतली. हे म्हणाले, बूट काढतो. बूट काढल्याने काही विशेष फरक पडला नाही. मग पाकीट, मग किल्ल्या. शेवटी मी म्हटलं, अहो, शर्ट काढू नका, लोक बघतायत. वांग्यांची पिशवी ऑफिसातच राहिली. मुलीने पेट्रोल मोजून कमी ठेवलं, आणि मग आलेखाचं पुस्तक माझ्यासमोर सरकवून म्हणाली, मॅडम, हिशोब तुम्ही काढा.

किती मुलांच्या वह्यांत मी तो आलेख तपासला असेल. पण तेव्हा आलेखावरचं वजन म्हणजे आलेखावरचं वजन असायचं. आता ते वजन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रुमालाने घाम पुसत होतं. तापमान बेचाळीस. मी बोट वर नेलं, वळवलं, आडवं नेलं. त्यांच्या शाळेचा नियम होता की पारा त्रेचाळिसाला लागला की मागची सीट रिकामी ठेवायची. त्याच्या खाली आम्ही केसभरच होतो. समोरून मंद वारा धरून हिशोब बसला. मी आकडा सांगितला, तिने तिच्या कागदाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. परीक्षेत पास झाल्यासारखं मला इतकं बरं वाटलं की मी ह्यांच्याकडे बघून हसलेच.

मग तिने तिची पद्धत सांगितली. धावपट्टीवर रंगवलेले जाड पट्टे असतात, त्यातली एक जोडी ती खूण धरते. हिशोब बरोबर असेल तर त्या खुणेपाशी काटा पंचेचाळीसवर असायलाच हवा. नसेल तर, पुढे धावपट्टी कितीही उरली असली तरी थांबायचं. कारण पंचेचाळीस नाही याचा अर्थ आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी घडतंय, आणि ते काय आहे हे वर जाऊन शोधायचं नसतं. मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, खूण आली की काटा बघून तुम्ही मोठ्याने सांगायचं. पंचेचाळीस असला तर पंचेचाळीस, नसला तर थांब. मीही बघतच असते, पण तुम्ही म्हणालात की मी थांबते. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी असंच करून घेते.

पुढच्या सीटवर मी बसले. समोर ती सगळी घड्याळं, ज्यांची चित्रं मी फळ्यावर काढत आले. वेगाचं घड्याळ माझ्या चित्रातल्यापेक्षा बरंच लहान होतं. मागे हे, गुडघे छातीशी घेऊन, पण खूश. कानावर हेडफोन लागले आणि सगळ्यांचे आवाज एकदम जवळ आले. आम्ही धावपट्टीच्या टोकाला गेलो, वळलो. तिने टॉवरशी बोलून परवानगी घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि इंजिनाचा जोर वाढवणारी दांडी सावकाश पुढे ढकलली.

विमान धावायला लागलं. मी काट्याकडे बघत होते. आधी तो हललाच नाही, मग थरथरला. बाहेर गवत, दिवे, कुंपण, सगळं मागे पळायला लागलं. मागून ह्यांचा आवाज आला, केवढं पळतंय गं! आणि खरंच, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला ते इतकं जोरात पळताना दिसत होतं की मला वाटलं, उडालोच आता. खूण समोर आली. काटा चाळिसाच्या खाली होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला गप्प बसावंसं वाटलं. पुढे धावपट्टी भरपूर होती, सरळ, रिकामी. विमान जोरात पळत होतं. आणखी थोडं पळालं असतं तर काटा आला असता पंचेचाळीसवर, मग पंचावन्नवर, आणि मला जे हवं होतं ते झालं असतं. आज नाही तर कधीच नाही, हे मला माहीत होतं.

"थांब," मी म्हटलं.

तिने ताबडतोब दांडी मागे ओढली. विमान रेटा सोडून मंदावलं, ब्रेक लागले, सीटचा पट्टा खांद्याला काचला. मागून ह्यांनी विचारलं, काय झालं, पेट्रोल संपलं का? विमान वळवताना आम्हाला दिसलं. धावपट्टीच्या ज्या टोकाकडून आम्ही निघालो होतो तिकडून मातीची भली मोठी वावटळ तिरकी सरकत चालली होती, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, जिचं शेपूट मघाशी आमच्याकडे होतं, ती आता उलटी ताठ झाली होती. वारा फिरला होता. आम्ही पळत होतो आणि वारा पाठीमागून आमच्याबरोबर पळत होता. जमिनीवरून पाहणाऱ्याला वाटलं असतं विमान उडणार. हवेच्या दृष्टीने ते अजून रांगत होतं.

मुलगी म्हणाली की ती बोलणारच होती, तेवढ्यात माझा आवाज आला. मग जरा थांबून म्हणाली, मुलं पहिल्यांदा थांब म्हणतच नाहीत, मॅडम; त्यांना वाटतं अजून थोडं बघू. मला रडू येत होतं, पण हेडफोनमुळे सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या टोकाने, म्हणजे आता समोरून वारा घेऊन, जाता येणार होतं. पण वावटळ पूर्ण निघून जाईपर्यंत टॉवरने थांबायला सांगितलं. ब्रेकही निवायला हवे होते. आम्ही विमान बाजूला घेऊन दारं उघडून बसलो. आणि तेवढ्या वेळात पारा त्रेचाळिसाला टेकला. तिने आकडा ऐकला, माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळून पाहिलं नाही. तिला ते सांगायचं जिवावर आलं होतं. ज्याच्या हाताखाली वडिलांनी नोकरी केली त्या माणसाला उतरा म्हणायचं.

मी म्हटलं, मी उतरते, ह्यांना घेऊन जा. ह्यांना दीपनगर बघायचंय. हिशोबाला कोण उतरतं याने फरक पडत नाही, एकच जण हवा. असं म्हणताना माझा आवाज मला वाटला तितका सरळ आला नसावा. ह्यांनी पट्टा सोडला होता.

"अगं, मी तर भरितासाठी आलो होतो," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पांढऱ्या शर्टाला काळा डाग लावून घेत, खाली उतरले.

मग एका कर्मचाऱ्याने त्यांना सावलीला नेलं. तिथून त्यांनी आम्हाला हात केला नाही, कारण ते दोन्ही हातांनी डोळ्यांवर आडोसा धरून उभे होते.

दुसऱ्यांदा आम्ही उलट्या बाजूने निघालो. यावेळी मला वाटलं विमान आळसावलंय. गवत हळू मागे जात होतं, दिवे हळू, आणि माझ्या मनात आलं की हेही फसणार. पण काटा मात्र भराभर चढत होता. समोरचा वारा त्याला वर ढकलत होता. खूण यायच्या आधीच तो पंचेचाळीसवर गेला. मी पंचेचाळीस म्हटलं, माझ्या मते मोठ्याने. ती नंतर म्हणाली की ओरडलात. मग पन्नास. मग पंचावन्न, आणि तिचा हात किंचित मागे आला, नाक वर गेलं, आणि मी काट्याकडे बघतच राहिले. साठ. पासष्ट. तिने हळूच म्हटलं, मॅडम, बाहेर बघा.

खाली मेहरूणचा तलाव होता, चुरगाळलेल्या कागदासारखा चमकत, आणि अक्काची गल्ली त्यात कुठली ते मला ओळखता येईना. पुढे तापीकडे केळीचे हिरवे चौकोन, त्यांच्यामध्ये नांगरलेली काळी रानं. गरम हवेत विमान गचके खात होतं. प्रत्येक गचक्याला मी तिच्या दंडाला धरत होते आणि ती हसत होती. लांबवर धुरकट हवेत दीपनगरच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या, आणि तिने त्यांच्याकडे बोट केलं, एकदा तिच्या घरासाठी आणि एकदा ह्यांच्यासाठी. फार लांब गेलो नाही. ऊन वाढत होतं. उतरताना तिने मला आणखी एक आकडा सांगायला लावला, आणि मी तो सांगितला, पण मनात सारखं एकच घोळत होतं.

चाकं जमिनीवरून सुटली तो क्षण माझ्या हातून निसटला होता. काटा पंचावन्नवर होता तोवर आम्ही जमिनीवर, आणि मग एकदम घरं लहान. मधे कधी सुटलो? काही कळलंच नाही. जन्मभर मुलांना ज्या क्षणाचा हिशोब शिकवला, त्या क्षणी मी आत बसून एका काट्याकडे बघत होते. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, मॅडम, ते आतून कधीच नीट कळत नाही. चाकांचा खडखड आवाज थांबतो, तेवढंच. आणि इंजिनाच्या आवाजात मला तोही ऐकू आला नव्हता.

उतरलो. हे सावलीतून चालत आले, घामाने भिजलेले, डोळे लाल. मी आधी सांगितलं, चिमण्या दिसल्या. त्यांनी बरं म्हटलं, पण ते ऐकतच नव्हते. माझा दंड धरून मला कुंपणाच्या कडेपर्यंत घेऊन गेले. गेली कित्येक वर्षं रविवारी हे बेडरूममध्ये पेपर वाचतात असं मी समजत होते.

"तो दुसरा दिवा बघ," ते म्हणाले. "त्याच्या जरा अलीकडे. आधी पुढचं चाक उचललं. मग डावं. उजवं शेवटी. मी चाकांकडेच बघत होतो. तुला आतून दिसणार नाही ते."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.